रेवाकाठचे माग

आपल्या अंगावरचे वस्त्र कोणी विणले, हा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो. कापूस पिकवणारा, सूत कातणारा, रंगवणारा आणि मागावर बसून वस्त्र विणणारा अशा अनेकांच्या श्रमांतून एक साडी तयार होते. या श्रमिकांचे जीवन नेहमीच अस्थिर राहिले आहे. कधी राजाश्रयाने त्यांना बळ दिले, तर कधी राज्यकर्त्यांच्या उदासीनतेने त्यांचे माग बंद पडले. नर्मदेच्या काठावर महेश्वर येथे विणकरांना आश्रय देणाऱ्या लोकमाता अहिल्याबाई होळकर यांच्या जीवनकार्याची ओळख या पाठात आपण करून घेणार आहोत.

महाराष्ट्रातील जामखेड तालुक्यात चौंडी नावाचे एक लहानसे गाव आहे. ज्या जिल्ह्यात ते मोडते, त्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर म्हणतात. या गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या काळी नव्हती. तरीही माणकोजींनी आपल्या कन्येला लिहायला-वाचायला शिकवले. मराठा सरदार मल्हारराव होळकर यांनी चौंडीच्या मुक्कामात या चुणचुणीत मुलीला पाहिले आणि आपला पुत्र खंडेराव याच्यासाठी तिला मागणी घातली, असे सांगितले जाते. १७३३ मध्ये विवाह होऊन आठ वर्षांची अहिल्या होळकरांच्या घरी आली.

मल्हारराव स्वतः सामान्य कुटुंबातून वर आलेले होते. पराक्रमाच्या बळावर त्यांनी माळव्यात आपले राज्य उभे केले होते. माणसाची पारख करण्यात त्यांचा हातखंडा होता. सुनेची बुद्धी, शिस्त आणि हिशेबातला चोखपणा त्यांनी हेरला आणि कारभारातील एकेक जबाबदारी तिच्याकडे सोपवली. वसुलाच्या नोंदी ठेवणे, मोहिमेवर गेलेल्या फौजेला रसद पोहोचवणे, तोफा व दारूगोळा यांची व्यवस्था पाहणे ही कामे अहिल्याबाई सासऱ्यांच्या हयातीतच करू लागल्या होत्या. १७६५ मध्ये मल्हाररावांनी त्यांना पाठवलेल्या पत्रांत तोफखान्याविषयीच्या सूचना आहेत. त्या काळी एका स्त्रीवर अशी कामे सोपवली जात होती, हे त्या पत्रांवरून दिसून येते.

संसाराचे सुख मात्र अहिल्याबाईंना फार काळ लाभले नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मृत्युमुखी पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. वृद्ध मल्हाररावांनी त्यांची विनवणी केली, राज्याचा आणि प्रजेचा भार कोण वाहणार याची जाणीव करून दिली आणि त्यांना परावृत्त केले. त्या वेळी अहिल्याबाईंचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढे १७६६ मध्ये मल्हाररावही निवर्तले आणि अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव गादीवर आले.

मालेराव स्वभावाने अविचारी आणि तापट होते. त्यांच्याविषयीची एक हकीकत इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांनी पुढे माळव्यातील लोकांकडून ऐकून नोंदवून ठेवली आहे. आपल्या घरातील एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून मालेरावांनी वस्त्रांवर भरतकाम करणाऱ्या एका कारागिराला ठार मारले. तो कारागीर निरपराध होता, हे नंतर सिद्ध झाले. पश्चात्तापाने मालेरावांचे चित्त भ्रमिष्ट झाले. मारलेला कारागीर आपल्याला सोडत नाही, या भासाने ते तळमळू लागले. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून राहिल्या. पण उपयोग झाला नाही. १७६७ मध्ये मालेरावांचा अंत झाला.

एका आईने आपला एकुलता एक मुलगा गमावला. पण त्याआधी एका कारागिराच्या घरचा आधार राजघराण्याच्या हातून नाहीसा झाला होता. सुईदोऱ्यावर पोट भरणाऱ्या माणसाला सत्तेपुढे दाद मागण्यास जागा नसते, ही गोष्ट अहिल्याबाईंनी स्वतःच्या घरातच पाहिली. पुढील अठ्ठावीस वर्षे त्यांनी जो कारभार केला, त्यात दुबळ्यालाही दाद मागता यावी याची काळजी सतत दिसते.

मालेरावांच्या मृत्यूनंतर होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला. त्यांना राघोबादादा पेशव्यांची साथ होती. अहिल्याबाईंनी हा बेत ठामपणे नाकारला. त्यांनी फौजेची सिद्धता केली आणि अन्य मराठा सरदारांकडे साहाय्य मागितले. पेशवे माधवराव यांनीही त्यांचा हक्क मान्य केला. राघोबादादांना माघार घ्यावी लागली. यानंतर फौजेचे नेतृत्व अहिल्याबाईंनी तुकोजी होळकरांकडे दिले आणि राज्याचा मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. कारभाराचे ठाणे म्हणून त्यांनी नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वर हे प्राचीन नगर निवडले.

नर्मदेला रेवा असेही म्हणतात. रेवेच्या काठावर किल्ला, त्याखाली नदीत उतरत जाणारे दगडी घाट, मंदिरे आणि छत्र्या यांनी महेश्वर नटले. तथापि केवळ दगडांच्या बांधकामाने नगर जिवंत होत नाही. नगरात माणसे वसावी लागतात आणि त्यांच्या हाताला काम असावे लागते. महेश्वरच्या भोवती निमाडचा कापूस पिकवणारा प्रदेश आहे. दक्षिणेस तापीकाठी बऱ्हाणपूर हे विणकामाचे जुने केंद्र होते. अहिल्याबाईंनी ठिकठिकाणचे कुशल विणकर महेश्वरला आणवले, त्यांना राहण्यास जागा आणि राजाश्रय दिला, असे महेश्वरची परंपरा सांगते. राजवाड्यात येणाऱ्या पाहुण्यांना आणि सरदारांना सन्मानाने द्यावयाच्या पगड्या, तसेच राजघराण्यातील स्त्रियांची नऊवारी लुगडी येथील मागांवर विणली जाऊ लागली.

विणकराचे काम बाहेरून सोपे वाटते. प्रत्यक्षात मागावर पहिला धागा टाकण्यापूर्वीच कितीतरी दिवसांची मेहनत झालेली असते. प्रथम सुताच्या लडी धुऊन रंगवाव्या लागतात. मग सूत रहाटावर उकलून कांड्या भरायच्या. त्यानंतर उभ्या धाग्यांचा ताणा लावायचा. हे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ द्यायची. या कामाला पांजणी म्हणतात. शेकडो धागे एकेक करून फणीतून ओवायचे. एवढे झाल्यावर विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. पायांनी पावडी दाबायची, हातांनी धोटा इकडून तिकडे फेकायचा, फणीने बाणा ठोकून घट्ट करायचा. असे हजारो वेळा केल्यावर एक साडी पूर्ण होते. कांड्या भरण्याचे आणि ताण्याचे काम बहुधा घरातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध करतात. म्हणून माग एकाचा दिसला, तरी श्रम साऱ्या घराचे असतात.

एवढे श्रम करूनही विणकराला पोट भरण्याची शाश्वती नसते. सूत आणि रंग विकत घेण्यासाठी आधी पैसा लागतो. तो सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घ्यावा लागतो. मग तयार वस्त्र त्यालाच, त्याने ठरवलेल्या भावाने द्यावे लागते. पावसाळ्यात हवा दमट झाली की खळ वाळत नाही आणि काम रखडते. लग्नसराई सरली की मागणी घटते. याशिवाय त्या काळी आणखी एक संकट होते. अठराव्या शतकातील माळव्याच्या वाटा सुरक्षित नव्हत्या. सूत घेऊन येणारा किंवा कापड घेऊन जाणारा व्यापारी डोंगरवाटेत लुटला गेला, की त्याचा फटका अखेरीस मागावर बसलेल्या माणसालाच बसत असे.

या ठिकाणी अहिल्याबाईंच्या कारभाराचे महत्त्व ध्यानात येते. त्यांनी विणकरांना केवळ आश्रय दिला नाही, तर व्यापारउदीम चालावा अशी स्थिती निर्माण केली. वाटसरूंना उपद्रव देणाऱ्या टोळ्यांचा त्यांनी बंदोबस्त केला. मात्र केवळ शस्त्राच्या धाकावर त्या विसंबल्या नाहीत. डोंगरातील भिल्लांना त्यांनी त्यांच्या प्रदेशातून जाणाऱ्या मालावर ‘भिलकवडी’ नावाचा अल्पसा कर घेण्याचा हक्क मान्य केला. त्या बदल्यात वाटांचे रक्षण करण्याची आणि हद्दीत चोरी झालेला माल परत मिळवून देण्याची जबाबदारी भिल्लांवर आली. ज्यांची भीती वाटत होती, तेच मार्गांचे राखणदार झाले. वाटा निर्भय झाल्या आणि बाजारपेठा भरू लागल्या. इंदूर हे त्या काळी एक लहान गाव होते. तेही त्यांच्याच कारकिर्दीत व्यापाराने वाढीस लागले.

कर हलके ठेवण्यावर अहिल्याबाईंचा कटाक्ष होता. प्रजेची भरभराट हीच राज्याची संपत्ती आहे, अशी त्यांची धारणा होती. त्या रोज दरबारात बसून स्वतः फिर्यादी ऐकत. कोणीही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत असे. निपुत्रिक माणूस मरण पावला की त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची किंवा दत्तकविधानासाठी मोठा नजराणा उकळण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. अहिल्याबाईंनी विधवांचा मालमत्तेवरील आणि दत्तक घेण्याचा हक्क राखला. ज्या घरात माग हेच धन असते, त्या घरातील विधवेसाठीही अशा न्यायाचे मोल फार मोठे असते. कर्ता पुरुष गेल्यावर माग आणि घर टिकले, तरच पुढची पिढी त्या मागावर बसू शकते.

महेश्वरचे विणकाम या स्थैर्यात बहरले. विणकरांच्या डोळ्यांपुढे नर्मदा होती, घाट होते आणि किल्ल्याच्या भिंतींवरील कोरीव काम होते. ते सारे त्यांच्या वस्त्रांत उतरले. साडीच्या काठावर नर्मदेच्या लाटा उमटल्या. विटांच्या रचनेची, चटईच्या विणीची, हिऱ्याची आणि चमेलीच्या फुलाची नक्षी काठांना शोभा देऊ लागली. महेश्वरी साडीचे काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतील असे असतात. पदरावर पाच पट्टे असतात. त्यांतील तीन रंगीत आणि दोन पांढरे. अंगाची वीण साधी, चौकड्यांची किंवा उभ्या रेघांची असते. चंद्रकला, चंद्रतारा, बेली, परबी अशी तिच्या प्रकारांची सुंदर नावे आहेत. पूर्वी ही वस्त्रे सुती असत. पुढील काळात सुतासोबत रेशमाचाही वापर होऊ लागला. भपक्यापेक्षा साधेपणा आणि हलकेपणा हे या साडीचे वैशिष्ट्य आहे. स्वतः अहिल्याबाईंची राहणीही अशीच साधी होती. राजवैभव हाताशी असूनही त्या साधी वस्त्रे परिधान करीत आणि साध्या घरात राहत.

धर्मकार्यासाठी अहिल्याबाईंची कीर्ती साऱ्या भारतात पसरली. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गया, वेरूळचे घृष्णेश्वर अशा अनेक स्थानी त्यांनी मंदिरे बांधली किंवा त्यांचा जीर्णोद्धार केला. ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली. हा खर्च त्या आपल्या खासगी उत्पन्नातून करीत. यांतील बहुतेक ठिकाणे त्यांच्या राज्याच्या सीमेबाहेर होती. या बांधकामांमुळे देशभरातील पाथरवटांना आणि गवंड्यांना काम मिळाले.

दुसऱ्यांच्या घरांना आधार देणाऱ्या या राणीच्या स्वतःच्या घरात मात्र एकामागून एक मृत्यू घडत गेले. त्यांची कन्या मुक्ताबाई हिचा विवाह यशवंतराव फणसे या तरुणाशी झाला होता. मुक्ताबाईंचा पुत्र तरुणपणीच वारला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतरावांचे निधन झाले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. ज्या वाटेवरून मल्हाररावांनी आपल्याला परत आणले, त्या वाटेवरून आपल्या मुलीला परत आणण्यासाठी अहिल्याबाईंनी खूप विनवण्या केल्या. पण मुक्ताबाईंनी ऐकले नाही. नर्मदेच्या काठी मुलीची चिता जळताना अहिल्याबाईंना पाहावे लागले. त्यांनी कित्येक दिवस अन्न घेतले नाही. काही काळाने मात्र त्या पुन्हा कारभारात लक्ष घालू लागल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वर येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

अहिल्याबाईंच्या पश्चात महेश्वरचे दिवस पालटले. तुकोजी होळकरांचे १७९७ मध्ये निधन झाले आणि होळकरांच्या गादीसाठी कलह सुरू झाला. माळव्यात लढाया आणि लुटालूट यांना ऊत आला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूर येथे इंग्रजांनी होळकरांच्या फौजेचा पराभव केला. १८१८ मधील मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली. राजदरबार गेला तसे त्याच्यासाठी वस्त्रे विणणाऱ्यांचे हक्काचे गिऱ्हाईकही गेले. त्यानंतर इंग्लंडच्या गिरण्यांचे स्वस्त कापड भारताच्या बाजारपेठांत येऊ लागले. पुढे इंदुरातही कापडगिरण्या सुरू झाल्या. मागावर कित्येक दिवस घाम गाळून विणलेल्या वस्त्राला यंत्रावर झटपट निघणाऱ्या कापडाशी झुंजावे लागले. अनेक विणकरांनी माग सोडून मजुरी पत्करली.

स्वातंत्र्योत्तर काळात हातमागाच्या रक्षणासाठी सहकारी संस्था स्थापन झाल्या. १९८५ मध्ये काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदाही झाला. तरीही यंत्रमागावर केलेली स्वस्त नक्कल हातमागाच्या नावाने विकली जाणे थांबले नाही. महेश्वरमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी ‘रेवा सोसायटी’ ही संस्था सुरू केली. नर्मदेच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने स्थानिक स्त्रियांना विणकामाचे शिक्षण आणि रोजगार दिला. पूर्वी केवळ कांड्या भरणाऱ्या अनेक स्त्रिया स्वतः मागावर बसू लागल्या. महेश्वरी साडीला पुन्हा मागणी आली आणि पुढे तिला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली. या नोंदीमुळे महेश्वरचे नाव अन्य ठिकाणच्या कापडाला लावण्यास कायद्याने मनाई झाली.

हातमागाचा प्रश्न एका नगरापुरता मर्यादित नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख लोक हातमागाशी निगडित कामे करीत होते. त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांपैकी बहुतेकांचे उत्पन्न अत्यंत तुटपुंजे होते. सुताचे वाढते भाव, मध्यस्थांची साखळी आणि नव्या पिढीची पाठ फिरवण्याची वृत्ती या अडचणी आजही विणकरांसमोर आहेत.

अहिल्याबाईंना जाऊन दोनशेहून अधिक वर्षे लोटली. इंदूरच्या विद्यापीठाला आणि विमानतळाला त्यांचे नाव दिलेले आहे. त्यांनी बांधलेल्या घाटांवर आजही भाविकांची गर्दी होते. महेश्वरच्या गल्ल्यांतून फिरताना मागांचा खटखट आवाज कानी पडतो. त्या मागांवर बसलेल्या विणकरांत हिंदूही आहेत आणि मुसलमानही आहेत. त्यांच्या पूर्वजांची नावे इतिहासाच्या पानांवर आली नाहीत. त्यांचे कौशल्य मात्र हाताकडून हाताकडे चालत आले आहे. कारागिराला दानापेक्षा निर्भय वाट, हलका कर, वेळेवर न्याय आणि श्रमाचे योग्य मोल यांची अधिक गरज असते, हे अहिल्याबाईंनी आपल्या कारभारातून दाखवून दिले. राजे आणि राजधान्या बदलल्या, तरी विणकराची ही गरज बदललेली नाही. ती भागवण्याची जबाबदारी आता शासनाची आणि वस्त्र विकत घेणाऱ्या प्रत्येकाची आहे.